भेट, कव आणि सुटका : प्रतापगडच्या प्रसंगकथनाचा भाषिक विचार

1

2025 सालच्या फेब्रुवारीत नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या नित्य बोलण्यातील अजब बंगल्यात, ‘शिवशस्त्र शौर्यगाथा’ या नावाचे प्रदर्शन भरले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांच्या मुदतीने आणलेले आणि जुलै 2024 पासून साताऱ्यास ठेवलेले वाघनख हे त्या प्रदर्शनाचे मुख्य आकर्षण होते. ते पाहावयास आलेल्या समुदायाच्या मनात एकच चित्र असणे स्वाभाविक होते : 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखालच्या शामियान्यात शिवाजी महाराजांनी याच शस्त्राने अफजलखानाचा कोथळा बाहेर काढला. हेच ते शस्त्र, असे निश्चयाने म्हणण्यास पुरावा नाही, हे लंडनच्या संग्रहालयाने स्वच्छपणे सांगितले आहे. वाघनखाच्या पेटीवरील इंग्रजी मजकुरात अफजलखानास मोगल सेनापती म्हटले आहे. खान तर विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. मजकूर लिहिणाराची माहिती किती ऐकीव होती हे एवढ्यावरूनही कळून येते.

वस्तूच्या खरेखोटेपणाचा हा वाद बराच गाजला. परंतु त्या गदारोळात एक गोष्ट दृष्टीआड झाली. प्रतापगडच्या प्रसंगाचे जे जुने गद्य कथन मराठीत उपलब्ध आहे, त्यात वाघनखाचे स्थान फार थोडे आहे. एक वाक्य त्याच्या वाट्याला येते आणि कथन पुढे सरकते. त्या कथनाचा खरा विषय शस्त्र हा नसून पकड हा आहे : सशस्त्र शत्रूच्या काखेत मान सापडलेला माणूस त्या पकडीतून कसा सुटला, हा आहे. ज्यास आज आत्मरक्षण म्हणतात त्याचे मराठी गद्यातील हे एक जुने आणि विलक्षण नेमके वर्णन होय. त्याचा नेमकेपणा कोणत्या भाषिक साधनांनी सिद्ध झाला आहे, आणि पुढील दोन-अडीच शतकांत तो कोणकोणत्या हातांनी पुसला गेला, याची येथे चिकित्सा करावयाची आहे.

2

मराठी पक्षाकडील तीन कथने विचारार्थ घ्यावी लागतात. पहिले, अज्ञानदास ऊर्फ अगीनदास याचा पोवाडा. उपलब्ध पोवाड्यांत तो सर्वांत प्राचीन मानला जातो आणि त्याची रचना प्रसंगाच्या जवळच्या काळातील आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली तो आपल्या पोवाड्यांच्या संग्रहात छापला. दुसरे, कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’. हे संस्कृत काव्य राज्याभिषेकाच्या सुमाराचे असून अपूर्ण आहे, स. म. दिवेकर यांनी ते 1927 साली प्रसिद्ध केले. तिसरी, कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजी येथे, 1694 ते 1697 या काळात लिहिली गेली. एक शाहिराची, एक पंडिताची आणि एक दरबारातील जाणत्या कारकुनाची, अशा या तीन वाणी आहेत.

तिन्ही ठिकाणी शस्त्रे सारखी नाहीत. पोवाड्यात आणि बखरीत बिचवा व वाघनख ही दोन्ही आहेत. परमानंद वाघनखाचे नावही घेत नाही; त्याच्या काव्यात महाराजांचा आघात कृपाणाचा आहे. खानाच्या हातचे शस्त्र पोवाड्यात कट्यार आहे, तर बखरीत जमदाड. प्रत्यक्ष संपर्कापूर्वीचे वातावरणही भिन्न आहे. पोवाड्यात एकमेकांचे कूळ काढणारा वाग्युद्धाचा प्रवेश रंगतो. बखरीत संभाषण जवळजवळ नाही.

असे असता तिन्ही कथने एका क्रमावर येऊन मिळतात. खान भेटीसाठी पुढे होतो. आलिंगनाचे रूपांतर पकडीत होते. खानाचे शस्त्र महाराजांच्या अंगावर चालते. ते निष्फळ होते. आणि त्यानंतर महाराजांचा हात चालतो. शस्त्रांविषयी मतभेद आणि क्रमाविषयी एकवाक्यता, ही स्थिती लक्षणीय आहे. एका ग्रंथावरून दुसरा रचला गेला असता तर शस्त्रांची नावे आधी उचलली गेली असती, कारण श्रोत्यांच्या लक्षात तीच राहतात. येथे तसे झालेले नाही. तिघांनाही जे सांगितल्यावाचून पुढे जाता आले नाही, ते म्हणजे आधी काय घडले आणि मग काय घडले.

3

या क्रमाचे सर्वांत समर्थ भाषिक रूप सभासदाच्या गद्यात आढळते. म्हणून त्याच्या वाक्यरचनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे.

पहिली बाब शब्दांची. भेट, मिठी, कव हे तिन्ही शब्द मराठीत स्नेहाचे आहेत. वारकऱ्याची भेट आणि लेकराची मिठी याच शब्दांनी सांगितली जाते. परंतु कव घालणे आणि कव मारणे यांत जे अंतर आहे ते केवळ क्रियापदाचे आहे. हातांचा घेर तोच. घालणे म्हटले की जिव्हाळा, मारणे म्हटले की झडप. पोवाड्यात हीच ‘मारणे’ असलेली कव येते. सभासद ‘कवटाळणे’ वापरतो, आणि लगेच त्यास अवयवांची जोड देतो : मुंडी आणि खाक. आजच्या वाचकास ‘मुंडी’ हा शब्द राजाच्या बाबतीत ग्राम्य वाटेल, कारण आज तो कोंबडीच्या नाही तर रागाने उच्चारलेल्या धमकीच्या संदर्भात अधिक येतो. सभासदाच्या लेखणीत त्यात अनादर नाही. तेथे हवा आहे तो पकडीत सापडणारा अवयव. ‘मस्तक’ म्हटले असते तर ते वंदनीय झाले असते, काखेत दाबता आले नसते. ‘खाक’ हे ‘काख’ या शब्दाचे वर्णविपर्ययाने झालेले रूप अजूनही बोलींत ऐकू येते. अशा रीतीने एका वाक्यात उंच व धिप्पाड माणसाने ठेंगण्या माणसाची मान कोठे आणि कशी धरली, हे वाचकास जणू स्वतःच्या मानेवर जाणवते.

दुसरी बाब क्रियापदाची. खानाने जमदाड चालविली. राजांनी हात चालविला. दोन्हीकडे क्रियापद एकच, ‘चालविणे’. पोवाड्यातही कट्यारीसाठी हेच क्रियापद आहे. लेखक खानाच्या वारास दुष्ट क्रियापद आणि राजांच्या वारास उदात्त क्रियापद देत नाही. शिवाय मराठीच्या भूतकाळी कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या मागे जात नाही; जमदाड स्त्रीलिंगी म्हणून ‘चालविली’, हात पुल्लिंगी म्हणून ‘चालविला’. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यावर सत्ता कर्माची आहे. दोन माणसे, दोन शस्त्रे, एकच क्रिया. मग न्याय आणि अन्याय यांतील भेद कोठे आहे?

तो भेद दोन वाक्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या एका लहानशा शब्दात आहे : ‘देखोन’. खानाची जमदाड अंगावर खरखरली, हे पाहून राजांचा हात चालला. मराठीतील ऊन-प्रत्ययान्त धातुसाधिताचे सामान्य कार्य पूर्वकालत्व दाखविण्याचे. परंतु ‘पाहून’, ‘ऐकून’, ‘जाणून’ या ज्ञानार्थक धातूंशी ते जोडले जाते तेव्हा पूर्वकालत्वात कारणत्व मिसळते. ‘पाऊस पाहून तो थांबला’ या वाक्यात पाऊस आधीचा आहे इतकेच नव्हे, तर थांबण्याचे कारणही आहे. सभासदाने समर्थनाचा एकही स्वतंत्र शब्द खर्च केलेला नाही. धर्माचे वचन नाही, नीतीची चर्चा नाही. जे समर्थन आहे ते एका धातुसाधितात सामावले आहे.

तिसरी बाब आणखी महत्त्वाची. बखरीत या प्रसंगाआधी देवीचा दृष्टान्त आहे. भवानी राजांस अभय देते. तरीही ज्या क्षणी जमदाड कुशीवर येते त्या क्षणी देवी हस्तक्षेप करीत नाही. वार निष्फळ होतो तो अंगातल्या कुडत्यामुळे. श्रद्धाळू लेखकाने, श्रद्धाळू श्रोत्यांसाठी लिहीत असताना, चमत्काराची जागा एका खरखरीच्या आवाजाला द्यावी, ही गोष्ट त्याच्या वस्तुनिष्ठेची साक्ष देते.

4

या कुडत्यासंबंधी एक शब्दविचार येथेच करणे योग्य होईल. बखरीत त्यास ‘जरीची’ म्हटले आहे. आजच्या मराठीत जर म्हणजे सोन्यारुप्याची तार. फारसीतील ‘जर’ म्हणजे सोने. पैठणीच्या पदरास जर असते, मंदिलास असते. परंतु कलाबतूच्या कामाने जमदाडीसारख्या खुपसावयाच्या शस्त्राचे पाते अडणे शक्य नाही. आणि अडले तरी त्याचा आवाज ‘खरखर’ असा होणार नाही. फारसीत याच्या जवळ उच्चाराचा दुसरा शब्द आहे, ‘जिरह’. त्याचा अर्थ कड्यांचे चिलखत. मराठीने तो ‘जिरेटोप’ या शब्दात जतन केला आहे. तेव्हा बखरीतील कुडती मूळची ‘जिऱ्याची’ असून, मोडीतील वेलांटी गळून अथवा अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द येऊन ती ‘जरीची’ झाली असावी, हा तर्क संभवनीय वाटतो. ‘खरखरणे’ हे अनुकरणवाचक क्रियापद या तर्कास आधार देते, कारण धातूवर धातू घासल्याशिवाय ते सार्थ होत नाही.

बाकीच्या शस्त्रनामांचाही इतिहास बोलका आहे. जमदाड ही ‘यमदंष्ट्रा’ या शब्दापासून आली असे एक मत आहे. ‘यमधार’ हा दुसरा संभव सांगितला जातो. कोणतेही मानले तरी तिच्यात यम आहे. वृश्चिकाचा मराठीत ‘विंचू’ होतो. ‘बिचवा’ या शब्दातील ‘ब’ हिंदी ‘बिच्छू’शी नाते सांगतो, म्हणजे शस्त्राबरोबर त्याचे नावही उत्तरेकडून दक्षिणेत आले असावे. आणि ‘वाघनख’ हा शब्द तर घराघरांतला. लहान मुलाच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून जे वाघाचे नख सोन्यारुप्यात मढवून घालतात, त्याचेही नाव हेच. एकाच शब्दाने मुलाच्या रक्षणाचा ताईत आणि हातात लपणारे पोलादी शस्त्र यांचा निर्देश व्हावा, यात मराठी मनाची या शस्त्राविषयीची भावना दिसते. त्या भावनेत आधी रक्षण आहे. मारणे त्यानंतर आहे.

5

सभासदाच्या कथनाचा शेवट कोठे होतो, हे पाहिल्यावाचून ही चिकित्सा पुरी होत नाही. दोन वार होताच राजे मान सोडवून घेतात आणि चौथऱ्याखाली उडी टाकतात. प्रसंगाची मुख्य क्रिया येथे संपते. मागे खान जिवंत आहे. दगा झाल्याचा ओरडा करतो. भोई त्याला पालखीत घालून नेऊ लागतात. पुढे संभाजी कावजी भोयांच्या पायांवर वार करून पालखी खाली पाडतो आणि खानाचे शिर कापतो. सय्यद बंडास जिवा महाला मारतो. याउलट ‘शिवभारता’त महाकाव्याचा संकेत प्रबळ आहे, पहिल्या आघातानंतरही तेथे शस्त्रांचा खडखडाट चालू राहतो. सभासदाच्या राजाची क्रियामालिका मात्र कव पडण्यापासून सुरू होते आणि सुटण्याशी संपते. सशस्त्र शत्रूच्या मिठीत सापडलेल्या माणसाचे पहिले साध्य शत्रूचा अंत हे नसते, स्वतःची मान मोकळी करणे हे असते. आखाड्यात उतरलेल्या कोणासही ही गोष्ट सांगावी लागत नाही. बखरकाराच्या वाक्यांचा क्रम या अनुभवाशी तंतोतंत जुळतो.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो बाजूस सारता येणार नाही. जो मनुष्य आतून चिलखत घालतो, हातात शस्त्र लपवतो, जावळीच्या रानात सैन्य पेरून ठेवतो, त्याच्या कृतीस आत्मरक्षण कसे म्हणावे? हा आक्षेप घेणाराने हे ध्यानी घ्यावे की आक्षेपाची सर्व सामग्री बखरीनेच पुरविली आहे. शस्त्रांची सिद्धता सभासद सविस्तर सांगतो. पंताजी गोपीनाथ खानाच्या गोटात जाऊन त्याचा खरा हेतू काढून आणतो, राजा भ्यालेला आहे असे भासवून खानास वाईहून जावळीकडे आणतो, हेही तो सांगतो. दग्याचा आरोप तो खानाच्या तोंडी घालतो आणि तो पुसून टाकीत नाही. आपल्या नायकाचा बचाव करू पाहणाऱ्या वकिलाने यांतील निम्मे गाळले असते.

यावरून बखरीत दोन थर आहेत असे मानावे लागते. बाहेरचा थर मोहिमेचा : हेरगिरी, वाटाघाट, फसवणूक, दबा, इशाऱ्याची तोफ. हा थर युद्धाचा आहे. त्यास आत्मरक्षण म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होईल. खानाचे शिर कापण्याची घटनाही याच थरात जाते. आतला थर चौथऱ्यावरचा, काही क्षणांचा. तेथे सैन्य नाही, हेर नाहीत. दोन शरीरे आणि एक पकड आहे. आत्मरक्षण हा शब्द या आतल्या थरासच लागू पडतो, आणि तेथे तो पूर्णपणे लागू पडतो. दोन थरांची गल्लत केल्यामुळेच गौरव करणारे आणि दोष देणारे अशा दोघांचीही विधाने सैल झाली आहेत.

राजापूरच्या इंग्रज वखारीच्या डिसेंबर 1659 मधील पत्राचा उपयोग याच मर्यादेत केला पाहिजे. शिवाजीशी मैत्रीचे सोंग करावे असा सल्ला विजापूरच्या बेगमेने खानास दिला होता, असे त्या पत्रात आहे. आणि दुसऱ्या पक्षानेही तसेच सोंग केले, असेही आहे. जदुनाथ सरकार यांनी 1919 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चरित्रग्रंथात या पत्रास महत्त्व दिले ते योग्यच होते, कारण खानाच्या हेतूविषयीची ही बाहेरची आणि निकटकालीन साक्ष आहे. परंतु ही साक्ष बाहेरच्या थराची आहे. पहिला हात कोणाचा चालला, याविषयी ते पत्र काही सांगत नाही. ते सांगते ती मराठी कथनेच.

6

आता या क्रमाचे पुढे काय झाले ते पाहू.

जेम्स ग्रँट डफ याने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हाच प्रसंग आहे. तेथे वाघनख आहे, बिचवा आहे, अंगातले लपविलेले चिलखतही आहे. सभासदाच्या कथनातील बहुतेक सामग्री तेथे जशीच्या तशी उपस्थित आहे. फक्त क्रम उलटा आहे : आलिंगन चालू असता शिवाजी वाघनख चालवितो, खान दगा म्हणून ओरडून तलवारीस हात घालतो, आणि चिलखत त्या उत्तरादाखल आलेल्या वारापासून बचाव करते. खाफीखानाच्या फारसी इतिहासातही पहिला आघात शिवाजीचाच आहे. वस्तू त्याच असता क्रमाच्या एका बदलाने प्रतिकाराचा विश्वासघात होतो, यावरून अर्थ हा शब्दांइतकाच त्यांच्या मांडणीत असतो, या भाषाशास्त्रातील सामान्य सिद्धान्तास इतिहासातून याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण आहे. आणि नागपुरात मांडले गेलेले वाघनख ज्या घराण्याकडून लंडनच्या संग्रहालयात गेले ते घराणे याच ग्रँट डफचे. दोष देणाऱ्या पुस्तकाचा लेखक आणि गौरवाची वस्तू जपणारा संग्राहक एकच होता.

क्रम उलटा करणे ही एक रीत. क्रम अनावश्यक ठरविणे ही दुसरी. 1897 च्या जूनमध्ये पुण्यास शिवाजी उत्सवात अफजलखान प्रकरणाची चर्चा झाली. लोकमान्य टिळकांनी तेथे जी भूमिका घेतली तिचा आशय असा : शिवाजीने आधीच बेत करून खानास मारले असे गृहीत धरले, तरीही निष्काम बुद्धीने आणि लोकहितासाठी केलेल्या त्या कृत्याचे माप दंडसंहितेने किंवा स्मृतींनी घेता येणार नाही. ही चर्चा ‘केसरी’त 15 जून रोजी छापली गेली, 22 जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडण्यात आली, आणि पुढे राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. टिळकांच्या युक्तिवादाची राजकीय धार निर्विवाद आहे. परंतु त्यासाठी जी किंमत मोजली गेली तीही पाहिली पाहिजे. प्रश्न लोकहिताच्या पातळीवर नेताच ‘देखोन’ या शब्दाचे काम संपले. सभासदाने जो बचाव वाक्याच्या सांध्यात जपून ठेवला होता, तो शिवाजीच्या सर्वांत प्रभावी पुरस्कर्त्याने वादासाठी सोडून दिला.

ज्या दंडसंहितेचा उल्लेख टिळकांनी केला तिच्यात, म्हणजे 1860 च्या भारतीय दंडसंहितेत, कलम 96 ते 106 हा भाग खाजगी बचावाच्या हक्काचा होता. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्याची जागा कलम 34 ते 44 यांनी घेतली आहे. या कायद्यातील एक तत्त्व येथे उद्‌बोधक आहे : शरीराच्या बचावाचा हक्क पहिला घाव बसल्यावर उत्पन्न होत नाही, प्रयत्न किंवा धमकी यांमुळे धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच तो सुरू होतो, आणि भीती असेतोवर टिकतो. सतराव्या शतकातील पुरुषास एकोणिसाव्या शतकातील कलमाने तोलणे अप्रस्तुत होय. पण तुलनेने एक गोष्ट उजळते. कायदा जेथे वाजवी भीतीवर थांबतो तेथे मराठी कथनकार थांबले नाहीत. खानाचा डाव राजांस आधीच कळला होता असे सांगूनही, आणि तेवढ्यावर राजांची कृती समर्थनीय ठरत असूनही, त्यांनी पहिला वार खानाचा दाखविला. ते तसे घडले म्हणून दाखविला, की तसे दाखविणे त्यांच्या काळच्या औचित्यास आवश्यक वाटले म्हणून, याचा निर्णय केवळ भाषिक पुराव्यावर देता येत नाही. भाषिक पुरावा इतकेच सिद्ध करतो की क्रमाचे मोल त्यांस ठाऊक होते, आणि हे मोल त्यांच्यानंतरच्यांनी कमी लेखले.

तिसरी रीत सर्वांत निरुपद्रवी दिसते, म्हणून सर्वांत परिणामकारक ठरली आहे. ती म्हणजे नाम. या प्रसंगास सर्वत्र ‘अफजलखानाचा वध’ म्हटले जाते. ‘वध’ हा शब्द कीचकवध, शिशुपालवध यांच्या पंक्तीतला. त्यात मारणारा नायक आणि मरणारा वध्य हे आधीच ठरलेले असतात. क्रियेचे नाम झाले की तिच्यातील काळ, क्रम आणि कारण ही तिन्ही अंगे गळून पडतात. ‘वाघनखाने कोथळा काढला’ या लोकप्रिय वाक्यातही तेच घडते. त्यात करण आहे, कर्म आहे, पराक्रम आहे. परंतु कवेत सापडलेली मान नाही, कुशीवर आलेली जमदाड नाही, खरखर नाही आणि सुटकेची उडीही नाही. ग्रँट डफने क्रम उलटा केला, टिळकांनी तो बाजूस ठेवला, आणि नित्याच्या मराठीने तो विसरून टाकला.

7

या विवेचनाचा निष्कर्ष मर्यादित आहे, पण त्याचे महत्त्व मर्यादित नाही. प्रतापगडच्या प्रसंगाचा गौरव करताना शस्त्र पुढे आणि संकट मागे ठेवण्याची जी रूढी पडली आहे, तीमुळे नायकाची उंची वाढलेली नाही. मान दुसऱ्याच्या काखेत, पाते बरगडीवर आणि हाती एकाच श्वासाचा अवकाश, अशा स्थितीत भान न सुटलेला माणूस सभासदाने उभा केला आहे. केवळ कोथळा काढणाऱ्या वीराहून तो अधिक मोठा आहे; कारण त्याला भय आहे, त्याने भयाची तयारी केली आहे, आणि तयारी पुरेशी ठरेल की नाही हे जमदाड चालेपर्यंत त्यास माहीत नाही.

पदव्युत्तर वर्गात बखर वाङ्‌मय शिकविताना सभासदाच्या भाषेचे वर्णन बहुधा ‘ओघवती’, ‘साधी’, ‘फारसीमिश्रित’ अशा विशेषणांनी उरकले जाते. ही विशेषणे चूक नाहीत, अपुरी आहेत. ज्या गद्यात एकच क्रियापद दोन शत्रूंना समानतेने दिले जाते आणि त्यांच्यातील नैतिक अंतर एका धातुसाधितावर तोलून धरले जाते, ते गद्य साधे असले तरी त्यात भाबडेपणा नाही. अशा गद्याचे वाचन शब्दार्थांच्या टिपांवर संपत नाही. प्रत्ययांपाशीही थांबावे लागते.

अजब बंगल्यातील काचेच्या पेटीसमोर उभे राहिलेल्यास पोलादाची चार नखे दिसली. ती नखे प्रतापगडची असोत वा नसोत, त्यांच्या आधी काय घडले हे त्या पेटीत असणे शक्य नव्हते. ते तीनशे वर्षांहून अधिक काळ एका मराठी वाक्याच्या पोटात सुरक्षित आहे. ते वाक्य मात्र कोणाकडून उसने आणावे लागत नाही, वाचावे लागते.